शंभराला तीस

अंबडच्या गाळ्यात, लेथच्या भिंतीलगत,
दोन घोड्यांवर उपडी पडलीय ती नाव.
एकट्या माणसाची, दोन वल्ह्यांची,
पोटाला हातभर चीर.
वेणू निमसे म्हणाली, काका, मार्चात धरणावर हवी,
आणि वजन वाढवू नका, शर्यतीची आहे.
मी म्हटलं, बघू.
बघू म्हणजे आधी डबे बघू.

सातपूरला छाजेडांनी काउंटरवर तीन मांडले.
पॉलिएस्टर न्या, म्हणाले, निम्म्यात भागेल,
तुमचा हात बसलेला आहे.
आहे खरा. वीस वर्षं टाक्या केल्या,
बसचे बंपर, एका शाळेची घसरगुंडी.
घाई असली की हार्डनरचे चार थेंब जास्त
आणि चहाला. परत येईतो दगड.
पण ही नाव जन्मापासून इपॉक्सीची.
तिच्यावर पॉलिएस्टर बसल्यासारखं करतं,
एक उन्हाळा काढतं,
मग पापडासारखं सुटून हातात येतं.

उरले दोन. एक झटपट, एक सावकाश.
सावकाश नेऊन थंडीत काय राखण करत बसणार?
हेही छाजेडच.
पहाटे गाळ्यात सात अंश,
निफाडकडे बागांत शेकोट्या,
रेझिन डब्यात मधासारखं जड, ढिम्म.

दोन्हींचे नमुने आणले.
सराफ बाजारातला मोडीतला तराजू,
ज्याने सोनं मोजलं तो आता हे मोजतो:
शंभराला तीस.
एकतीस नाही.
इथे थेंब वाढवून घाई भागत नाही.
जो जास्तीचा, त्याला आत जोडीदार मिळत नाही,
तो तसाच राहतो, चिकट,
कितीही ऊन दाखवा.

कपांवर पेनाने वेळ लिहिली.
दुपारी पत्र्याखाली झटपटवाला
चौदाव्या मिनिटाला तापला, धुरला,
कपाचं बूड वाकडं झालं.
तेवढ्यात मला हातभर चिरेवर
कापड तीनदा अंथरायचंय, बुडबुडे काढायचेत,
आणि माझी बोटं आता पूर्वीची नाहीत.

बाद नावेच्या दोन तुकड्यांवर दोन थर दिले.
पाचव्या दिवशी हिरामण आला.
उंबऱ्याबाहेर थांबला, आत येत नाही तो.
कोपरापर्यंत फोड आले होते त्याला,
डॉक्टर म्हणाले, आता वाससुद्धा नको.
आम्ही हातमोजे महाग म्हणत होतो तेव्हाची गोष्ट.
म्हणत होतो म्हणजे, मी.
बिलं मी करायचो.
आता त्र्यंबक रोडला पेरू विकतो.

वाजव, म्हणाला.
मी नाण्याने पहिला तुकडा वाजवला.
टण, टण, मग मध्येच ठप्प.
तिथे हवा राहिलीय, तो रस्त्यावरून म्हणाला.
दुसरा वाजवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
त्याने मान तिरकी केली, डोळे मिटले,
एक ट्रक जाऊ दिला.
पुन्हा.
पुन्हा वाजवला.
हा घे.

तर सावकाश.
आणि मोज्यांचे दोन खोके, न विचारता, न भांडता.
थर दिले, वर दोन बल्ब टांगले,
बायकोची जुनी गोधडी पांघरली,
बाळंतिणीला शेक द्यावा तशी ऊब,
रात्री दोनदा उठून हात लावून आलो.
सकाळी वर मेणचट साय.
कोमट पाण्याने पुसली,
पुढचा थर तिच्यावर टिकला नसता.

वेणूचे तीन फोन.
चौथ्याला सांगितलं, तुझी नाव तापात आहे.

संध्याकाळी हिरामण बाहेरून:
झालं का रे?
नखाची खूण उमटतेय अजून.
मग थांब, म्हणाला,
आणि खिडकीच्या कठड्यावर
एक कच्चा पेरू ठेवून गेला.